खोडदची छत्री आणि माझी आई

आमच्या शिवारातून खोडदच्या छत्र्या दिसतात. छत्र्या आपण म्हणतो, खरे नाव रेडिओ दुर्बीण. माझी आई त्याच बाजूला कांद्याच्या खुरपणीला जाते. रोज छत्री बघते, पण आत कधी गेली नव्हती. म्हणायची, "ते शिकलेल्यांचं काम. आपल्याला काय त्यातलं?"

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या दिवशी आमची शाळा खोडदच्या प्रदर्शनाला गेली. आमच्या गटाने छत्रीची प्रतिकृती केली होती. तारेची जाळी मी विणली होती. पण माहिती सांगायची वेळ आली तेव्हा गटातली मुले म्हणाली, "तू नको बोलू. तुझं बोलणं गावठी आहे." मला रडूच आलं.

बाईंनी मला बाजूला घेऊन जोसेलिन बेल यांची गोष्ट सांगितली. त्या इंग्लंडात केंब्रिजला शिकत होत्या. आपल्याला इथे चुकून घेतलं, असं त्यांना वाटे. म्हणून त्या फार नेटाने काम करीत. दुर्बीण उभारायला त्यांनी स्वतः हात लावला. १९६७ साली कागदावरच्या रेघेत त्यांना एक बारीकशी खूण दिसली. तो पल्सर निघाला, म्हणजे गरगर फिरणारा तारा. १९७४ चे नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना मिळाले, त्यांना नाही. पुढे २०१८ साली त्यांना ३० लाख डॉलरचे दुसरे पारितोषिक मिळाले. ज्यांना या शास्त्रात सहसा जागा मिळत नाही, अशा विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी ते सगळे देऊन टाकले.

बाई म्हणाल्या, "जाळी जिनं विणली, तिनंच सांगावं."

मी उभी राहिले. पाय लटपटत होते. सांगितले, "इथं ३० छत्र्या आहेत. एकेक ४५ मीटर रुंद. १४ जवळजवळ, १६ तीन दिशांना लांब लांब. सगळ्या मिळून एकच मोठी दुर्बीण होते."

गर्दीत आई दिसली. कामाला खाडा करून आली होती. तिने मोठ्याने विचारले, "एवढी मोठी छत्री वाऱ्यानं उडत कशी नाही गं?"

कोणीतरी हसले. पण तिथले एक शास्त्रज्ञ हसले नाहीत. म्हणाले, "ताई, दुर्बीण बांधणाऱ्यांनाही हाच घोर होता. उत्तर तुमच्या मुलीच्या हातात आहे."

मी हातातल्या जाळीकडे पाहिले आणि मला उमगले. वारा भोकांतून निघून जातो. रेडिओ लहर भोकापेक्षा लांब असते, ती जाळीवरून परत फिरते. म्हणून पत्र्याऐवजी जाळी. वजन कमी, खर्चही कमी. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती केली.

आता आई खुरपताना बायांना सांगते, "चाळण आहे ती चाळण! वारा सोडते अन् ताऱ्यांचं बोलणं धरून ठेवते."

मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी आपल्या आईलाही न्या. आणि प्रश्न पडला तर विचारा. गावठी बोलीत विचारलात तरी चालेल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी