बाबांसाठी सबटायटल्स

बाबांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं, तसं त्यांनी सिनेमे बघणंच सोडून दिलं. मला ते बघवेना. म्हणून डी सिकाच्या 'बायसिकल थीव्ह्ज'ला (१९४८) मराठी सबटायटल्स करायला घेतली. 'सबटायटल एडिट' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. इंग्रजी फाईल उघडायची आणि ओळीवर ओळ मराठीत लिहीत जायचं, बस्स.

खरी गंमत पुढेच. सुरुवातीला वाक्यं जागच्या जागी, तासाभराने मात्र सव्वादोन-अडीच मिनिटं उशिरा! फाईल सेकंदाला २४ चित्रांच्या प्रतीची, माझ्याकडची प्रत २५ची. म्हणजे सिनेमाच जरा घाईत पळतोय. अशा वेळी सगळ्या ओळी एकदम सरकवून भागत नाही. पहिला आणि शेवटचा संवाद जागेवर बसवायचा, मधलं सगळं ते त्या प्रमाणात ओढून घेतं. (आणि हो, फाईल यूटीएफ-८ मध्येच साठवा, नाहीतर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.)

बाबा सावकाश वाचतात, त्यामुळे बरीच वाक्यं कापून निम्मी केली. जीवावर आलं, पण केली.

शेवटी ब्रूनो वडिलांचा हात धरतो, तिथे संवादच नाही. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "इथलं लिहायचं राहिलं का रे?"