आधी नंबर, मग हिशेब

राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या कटऑफची पीडीएफ उघडली, की सुरुवातीलाच अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय येतं. यात मानाचा भाग काही नाही. कॉलेजांचे संकेतांक विभागवार दिलेले आहेत आणि 1002 हा आमचा आकडा आधी पडतो, इतकंच. तरी कठोरा नाक्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला ते पान बघून उगाच बरं वाटतं. पुढे शेकडो पानं नुसत्या रोमन अक्षरांची आणि पर्सेंटाइलची. एरवी सातबारा वाचून घ्यायला तलाठ्याकडे जाणारी माणसं, सुरुवातीचं 'एल' म्हणजे मुलींची जागा आणि शेवटचं 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटीची, हे तोंडपाठ सांगतात. होम युनिव्हर्सिटी म्हणजे आमचं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम. 1983 साली स्थापन झालं तेव्हा या पाच जिल्ह्यांत पोरांच्या प्रवेशावरून एवढी जागरणं होतील, असं कुणाला वाटलं नसेल.

माझी भाची मूर्तिजापूरकडची. अकरावी-बारावीला ती अकोल्यात खोली करून राहिली, तोष्णीवाल लेआऊटच्या आसपास, शिकवण्यांच्या पाट्यांच्या जंगलात. सीईटीचा निकाल जूनच्या मध्यावर लागला आणि तेव्हापासून मेहुण्यांच्या घरी कुणीही आलं की पहिला प्रश्न एकच, "लागला काय वं नंबर?" नंबर इतक्यात लागत नसतो. आधी नोंदणी, मग कागदपत्रांची पडताळणी, मग तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावर हरकती, अंतिम यादी, कॉलेजांचा पसंतीक्रम, आणि मग कुठे पहिली फेरी. मधल्या काळात सेतू केंद्राच्या बाकावर अख्खा तालुका भेटतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल, आणि ज्यांची जातपडताळणीची व्हॅलिडिटी आलेली नाही त्यांच्या हातात नुसती पावती. पावतीवर प्रवेश मिळतो, पण तो मुदतीवर टांगलेला.

हे वाट बघणं मला तितकंसं जाचत नाही. यादीला तारीख असते. ती चार दिवस पुढे जाते, पण उगवते. घर दमतं ते यादीनंतरच्या वाट बघण्यानं, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. पेढे वाटून झालेले असतात, पाहुण्यांच्या लेखी विषय संपलेला असतो.

पहिली फेरी येते जुलैच्या शेवटी. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी या महिन्यात काय असतं? बी-बियाण्याचा पैसा जूनमध्येच जमिनीत गेलेला. कपाशीला खताचा दुसरा हप्ता द्यायचा, निंदणाच्या बायांची मजुरी रोजच्या रोज, पाऊस उघडला की डवरे, मग फवारणी. सोयाबीन घरात यायचं ते दसऱ्याच्या पुढेमागे. कापूस त्याहूनही नंतर. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन पहिला वेचा बाजारात जाईपर्यंत हातात रोकड म्हणून नसते. नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर निरोप येतो, की जागा मिळाली, हजार रुपये भरून ती पक्की करा आणि मुदतीत कॉलेजात हजर व्हा. मुदत दोन-तीन दिवसांची. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं असेल तर नाही म्हणायचीही सोय नाही. ते घ्या नाहीतर पुढच्या फेऱ्या विसरा.

भाचीचा नंबर लागला अमरावतीतल्याच एका खाजगी कॉलेजात. 2024-25पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासनानं पूर्ण माफ केली आहे. चांगला निर्णय, त्यात वाद नाही. आम्ही त्या भरवशावरच गेलो. काउंटरवरच्या बाबूंनी कागद चाळले आणि शांतपणे सांगितलं, की विकास शुल्क, अनामत आणि बाकीचं तर भराच, पण फीचीही निम्मी रक्कम तूर्त भरा. शासनाचा पैसा आला की तुम्हाला परत. नियमात हे बसत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मेहुणे माझ्याकडे बघत होते. मागे रांग होती. मुलीच्या पुढ्यात, पहिल्याच दिवशी, तिच्या कॉलेजशी भांडण काढायला कोणता बाप धजेल? त्यांनी अडत्याला फोन लावला. सोयाबीनवर उचल घेतली. अजून शेंगा धरल्या नव्हत्या.

"हुशारीचे पैसे भेटतीन म्हने," बाहेर आल्यावर ते म्हणाले, "पन आधी हुशारी इकत घ्या लागते काय भाऊ?"

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या मुलाची प्रवेशाची पत्रं मार्चअखेरपर्यंत आली. हो-नाही कळवायला बहुतेक ठिकाणी 1 मेपर्यंतचा अवधी. तिथल्या फीचे आकडे ऐकून छातीत धडकी भरते, त्या व्यवस्थेचं कौतुक करावं असं मला मुळीच वाटत नाही. पण एक गोष्ट मी त्याच्याकडून दोनदा विचारून घेतली. शिष्यवृत्ती किती, मदत किती, तुमच्या खिशातून किती जाणार, हे प्रवेशासोबत किंवा निदान हो म्हणण्याच्या मुदतीआधी लिहून येतं. त्यांनी तीन कॉलेजांची पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि ठरवलं. आमच्याकडे निर्णय आधी करायचा आणि हिशेब नंतर कळायचा. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा, तो कॉलेजच्या लॉगिनला जाणार, तिथून खात्याकडे, मग आधारशी जोडलेल्या बँक खात्यात हप्त्यानं पैसे. कधी, ते अर्जावर लिहिलेलं नसतं.

आकडा आधी माहीत असला तर लोक कसे वागतात, हे बघायला अमेरिका कशाला? त्याच पीडीएफमध्ये टीएफडब्ल्यूएस नावाची ओळ असते. मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी, निव्वळ गुणवत्तेवर. शिक्षण फी माफ, आणि ते जागेसोबतच पक्कं. या ओळीतला कटऑफ बहुतेक वेळा त्याच शाखेच्या खुल्या कटऑफपेक्षा वर असतो. जास्त गुणांची पोरं तिथे गर्दी करतात, कारण घरी जाऊन बापाला काय सांगायचं ते त्यांना त्याच दिवशी कळतं.

शिकायला वसतिगृहात किंवा बाहेर खोली करून राहणाऱ्यांसाठी राज्याची निर्वाह भत्ता योजना आहे. तिला नाव डॉ. पंजाबराव देशमुखांचं. भाऊसाहेब 1898 साली पापळला जन्मले, शेतकऱ्याच्या घरी. 1920 साली ते विलायतेला निघाले तेव्हा वडिलांनी कर्ज काढलं, असं आमच्याकडे सांगतात. एडिंबरोला त्यांना संस्कृतसाठी व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळाली, ती तिथे पोहोचून गुण दाखवल्यावर. पुढे ऑक्सफर्डची डॉक्टरेट, बॅरिस्टरी. परत आल्यावर त्यांनी अमरावतीत छात्रालय काढलं, 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. पोराच्या राहण्या-जेवणाची सोय आधी लावली पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. भाऊसाहेब विलायतेला निघाले त्याआधी सात वर्षं, 1913 साली, डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले ते सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं; आणि हे बोटीत चढण्याआधी ठरलेलं होतं. बडोद्याच्या दरबाराकडे ना सर्व्हर होता ना आधार क्रमांक.

वेग आमच्या मुलखाला जमत नाही असं तर मुळीच नाही. जून 2022मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा, एकेरी लेनच्या हिशेबानं 75 किलोमीटरचा, डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत झाला. गिनीज बुकात नोंद आहे. माना भाचीच्या गावापासून लांब नाही. तिचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे सरकायला त्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि त्याची नोंद घ्यायला कुणी आलं नाही.

गाडगेबाबा कीर्तनात सांगत, जेवायचं ताट मोडा पण पोराला शिकवा. वऱ्हाडानं ते मनावर घेतलं. पण बाबा बोलत होते ते बापाला उद्देशून. शासनानंही तेच गृहीत धरून चालावं, याचा मला राग येतो. कारण प्रवेशाच्या अर्जातच उत्पन्न लिहून घेतलेलं असतं, प्रवर्ग असतो, दाखले तपासून झालेले असतात, कोणत्या कॉलेजची फी किती ते फी नियामक प्राधिकरणानं ठरवलेलं असतं. वजाबाकीच करायची आहे. जागा मिळाल्याच्या पत्रावर खाली दोन ओळी छापता येतील: तुम्ही भरायचे इतके, शासन भरणार इतके. त्या छापल्या, की काउंटरवरच्या बाबूला 'तूर्त भरा' म्हणता येणार नाही.

दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाचा अर्ज भाचीनं स्वतःच भरला, मला विचारलंही नाही. पहिल्या वर्षाचा एक हप्ता आलाय, दुसरा यायचाय. मेहुण्यांनी यंदा अडत्याशी उचलीचं बोलणं जूनमध्येच करून ठेवलं.