टांचेचें हाड

गेल्या वर्षीं मृग लागण्यापूर्वीं खामगांव तालुक्यांतील आमच्या जुन्या घराचे कवेलू फेरावयास मी स्वतःच चढलों. शिडी घसरली, आणि सर्व भार उजव्या टांचेवर येऊन मी अंगणांतील फरशीवर आदळलों. त्या क्षणीं मला आठवले ते आमचे काका. १९८९ च्या उन्हाळ्यांत विहीर खणतांना ते असेच पडले होते. पायास प्लास्टर घातलें. हाड जुळलें, पण रुंद व चपटें जुळलें, आणि नांगरामागें त्यांचें पाऊल पुन्हां कधीं सरळ पडलें नाहीं. शिक्षकाचा व्यवसाय उभ्यानें करावयाचा. मला भीति वाटली ती हीच.

अकोल्यास शल्यवैद्यांनीं क्ष-किरणांचें चित्र समोर धरलें. टांचेच्या हाडावर दोन रेषा काढल्या असतां त्यांमध्यें सुमारें २० ते ४० अंशांचा कोन असावा लागतो. व्हिएन्नाचे डॉक्टर बोलर यांनीं १९३१ मध्यें वर्णिलेला हा कोन माझ्या पायांत अवघा ५ अंश उरला होता! वरच्या हाडानें घणासारखा घाव घालून सांध्याचा पृष्ठभाग आंत खचविला होता. पूर्वीं अशा वेळीं बहुधा काटकोनी लांब छेद घेऊन कातडें उचलीत. परंतु तेथील कातडें पातळ, खालीं मांस जवळजवळ नाहीं, म्हणून जखमेच्या कडा पुष्कळदां काळ्या पडत. आतां घोट्याखालीं दोन-तीन बोटें रुंदीचा छेद घेऊन, पडद्यावर पाहत पाहत, खचलेला तुकडा उचलतात व स्क्रूंनीं धरून ठेवतात. हाडाचा फार चुरा झाला असेल तर मात्र इतक्यानें भागेलच असें नाहीं.

"विडी ओढतां काय?" त्यांनीं विचारलें. तंबाखूनें रक्तवाहिन्या आकसतात व जखम भरत नाहीं. मीं "क्वचित्" म्हणालों. सौभाग्यवतींनीं "रोज चार" अशी दुरुस्ती केली. व्यसनमुक्तीवरील निबंध तपासणारा मी खालीं पाहूं लागलों. विडी त्याच दिवशीं सुटली. विद्यार्थिमित्रांस हें आज प्रथमच कळत आहे.

दहा आठवडे टांच भुईस लावली नाहीं. कुबड्या घेऊन वर्गांत आलों व खुर्चीवरून व्याकरण शिकविलें. आतां फळ्यापाशीं तासभर उभा राहतों. शेताच्या दगडाळ उतारावर मात्र पाऊल अडतें, कारण पाय बाजूंस कलविणारा सांधा तोच. कवेलू फेरण्याचें काम यंदा गड्यावर सोंपविलें.