विषमज्वर पत्करणारे स्वयंसेवक

विषमज्वराचा म्हणजे टायफॉइडचा जंतू फक्त माणसालाच या आजाराने पछाडतो. उंदीर-सशांवरच्या प्रयोगांतून मानवी टायफॉइडविषयी फारसे हाती लागत नाही. त्यामुळे त्यावरच्या लसीची परीक्षा दोनच प्रकारे घेता येते. जिथे हा रोग नेहमी आढळतो अशा वस्त्यांत हजारो मुलांना लस टोचून पुढे वर्षानुवर्षे नोंदी ठेवायच्या, हा एक मार्ग. दुसरा मार्ग थोड्या निरोगी प्रौढांचा. त्यांना लस द्यायची आणि महिन्याभराने त्यांच्याच संमतीने तो जंतू पाजायचा. याला नियंत्रित मानवी संसर्ग चाचणी म्हणतात. ती बहुधा विद्यापीठांत होते आणि तिच्यासाठीची माणसे विद्यापीठाच्या आवारातल्या फलकांवरून, जाहिरातींतून मिळवली जातात.

या पद्धतीचा पाया अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी घातला. १९५२ ते १९७४ या काळात त्यांनी जंतू पाजले ते तुरुंगातल्या कैद्यांना. कैद्यांनी होकार दिला होता, कोणावर सक्ती झाली नव्हती, असे त्या काळी मानले गेले. पण ज्याचे उठणे-बसणे दुसऱ्याच्या हुकुमाने चालते त्याच्या होकाराला वजन किती, हा प्रश्न सत्तरच्या दशकात अमेरिकेत जोराने पुढे आला आणि कैद्यांवरचे असे प्रयोग थांबले. शास्त्रीयदृष्ट्या मोलाचे ज्ञान त्यातून मिळाले हे खरे. ते ज्या रीतीने मिळवले गेले, तिचे समर्थन मात्र करता येत नाही.

पुढे जवळजवळ चार दशकांनी, २०११ च्या सुमारास, ऑक्सफर्ड विद्यापीठात अँड्र्यू पोलार्ड यांच्या गटाने ही पद्धत नव्याने उभी केली. जंतूचा वाण मेरीलँडचाच होता. एका जुनाट रोगवाहक व्यक्तीच्या पित्ताशयातून तो पूर्वी वेगळा केलेला होता. बाकी रीत बदलली होती. स्वयंसेवक मोकळे नागरिक होते आणि ते चाचणीच्या काळात आपापल्या घरीच राहत.

त्यांची निवड कठोर असे. पित्ताशयात खडे असतील तर जंतू तिथे ठाण मांडून माणसाला कायमचा रोगवाहक करू शकतो. म्हणून पोटाची सोनोग्राफी व्हायची आणि खडे दिसले की नकार मिळायचा. स्वयंपाक करणाऱ्यांना, अन्न हाताळणाऱ्यांनाही घेतले जात नसे, कारण त्यांच्याकडून रोग तिसऱ्याच माणसाकडे जाऊ शकतो. प्रत्यक्ष जंतू देण्याआधी खाण्याच्या सोड्याचे द्रावण प्यायला देत. पोटातले आम्ल त्याने मंदावते आणि दहा ते पन्नास हजार जंतूंची छोटी मात्राही पुरते. नंतरचे दोन आठवडे रोज तपासणी, रक्ताचे व शौचाचे नमुने आणि तापाची नोंद. ताप बारा तास टिकला किंवा रक्तात जंतू सापडले की लगेच प्रतिजैविक सुरू. काहीच झाले नाही तरी चौदाव्या दिवसापासून औषधाचा पूर्ण क्रम घ्यावाच लागे. शौचातून जंतू नाहीसे झाल्याची खात्री पटेपर्यंत पाठपुरावा चालू राही. मोबदला मिळे तो वेळेचा, प्रवासाचा आणि गैरसोयीचा. जोखमीची किंमत म्हणून पैसे देणे योग्य मानले जात नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण मोठी रक्कम पाहिली की गरजू माणसाला नाही म्हणणे जड जाते.

या पद्धतीने २०१५-१६ मध्ये ज्या लसीची परीक्षा झाली ती हैदराबादच्या भारत बायोटेकची होती. ११२ जणांनी नाव नोंदवले. तुलनेसाठीच्या गटात, म्हणजे टायफॉइडची लस न मिळालेल्यांत, ३१ पैकी २४ जण आजारी पडले. नवी लस घेतलेल्या ३७ जणांत तेरा. संरक्षण सुमारे ५५ टक्के भरले. आकडा कमी वाटतो, पण चाचणीतली आजाराची व्याख्या फार कडक होती. ताप नसताना रक्तात नुसते जंतू दिसले तरी आजार धरला जाई. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णासारखा, आधी टिकून राहिलेला ताप आणि मग रक्तात जंतू, असा निकष लावून पाहिल्यावर संरक्षण ८७ टक्के निघाले. नेपाळमध्ये ललितपूरच्या मुलांवर नंतर झालेल्या मोठ्या चाचणीत ते ८० टक्क्यांच्या आसपास आले.

ऑक्सफर्डचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१८ मध्ये या प्रकारच्या लसीची शिफारस केली. त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी मोहीम हाती घेतली. पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना लस मिळाली. तुर्भे-घणसोलीच्या मुलाला टोचलेल्या सुईमागे ऑक्सफर्डमधल्या कोणा अनोळखी तरुणाने सोसलेला ताप आहे. ही देणगी रक्तदानाच्या तोडीची आहे आणि तिची जाण आपल्याकडे फार कमी आहे.

तरीही विद्यापीठाच्या आवारातली भरती निर्धास्त मानता येत नाही. संशोधक हाच परीक्षक असेल तर विद्यार्थ्याच्या होकारात गुणांची भीती मिसळते. कैद्याची अडचण इथे सौम्य रूपात परत येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी आणि हाताखालचे कर्मचारी यांना विशेष संरक्षण लागणाऱ्यांत गणले आहे ते यामुळेच. २०१९ च्या नव्या औषध व वैद्यकीय चाचणी नियमांनी इजा झाल्यास मोफत उपचार आणि चाचणीमुळे झालेल्या इजेची भरपाई बंधनकारक केली. केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडण्याचा हक्क तर प्रत्येक संमतिपत्रात असतोच. ज्या प्राध्यापकाच्या हातात विद्यार्थ्याचे गुण आहेत त्याने त्याच विद्यार्थ्याला स्वतःच्या चाचणीत घेऊ नये, हे मात्र प्रत्येक महाविद्यालयाने लेखी नियम म्हणून स्वीकारायला हवे.

महाविद्यालयाच्या फलकावर अशी सूचना दिसली तर वाचकांनी ती टाळून पुढे जाऊ नये. आधी चाचणीचा भारतीय नोंदणी क्रमांक मागावा आणि नीतिशास्त्र समितीची मंजुरी पाहावी. संमतिपत्र घरी नेऊन आपल्या डॉक्टरांसोबत मराठीतून वाचावे, आणि मन मानले तरच सही करावी.