बाटलीच्या दुधाची मर्यादा



पहिले सहा महिने बाळाला आईचंच दूध, याबद्दल वाद नाही. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, असं दुधाच्या डब्यावरही कायद्यानं छापावंच लागतं. पण बाळंतपणानंतर माझी लेक आजारी पडली आणि डॉक्टरांनी नातीला डब्याचं दूध सुरू करायला सांगितलं. आपल्या घरांत पाणी गाळून, उकळून घेण्याची रीत असतेच. तरी बाटलीच्या दुधाची एक गोष्ट वेगळी आहे, ती आज सांगते.

उकळलेल्या पाण्याची मर्यादा आपण 24 तास धरतो. सकाळी उकळून ठेवलेलं पाणी आपल्याला प्यायला चालतं, पण बाटलीला चालत नाही. कारण इथे प्रश्न पाण्याचा नाही, पावडरीचा आहे. डबा सीलबंद असला तरी आतली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात, आणि तान्ह्या बाळाला त्यांचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पावडर कालवताना पाणी किमान 70 अंश सेल्सिअस गरम हवं. निदान लिटरभर पाणी खळखळून उकळायचं, झाकून ठेवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. डब्यावर कोमट पाणी लिहिलं असेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या.

आमची पद्धत अशी. आधी हात साबणानं धुवायचे. बाटली, बूच, निपल ब्रशनं घासून, पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळायचं. बाटलीत आधी पाणी मोजून घ्यायचं, मग पावडर. चमचा त्याच डब्यातला, सपाट भरलेला. बाळाचं पोट भरावं म्हणून वर चिमूटभर नको, आणि डबा पुरवायचा म्हणून पातळही नको. दाट दूध बाळाला बाधतं, पातळ दुधानं पोषण कमी पडतं. मग बंद बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. तो कोमट लागला पाहिजे.

तयार दूध बाहेर ठेवलं तर दोन तासांत संपवायचं. बाळानं पिऊन उरलेलं मात्र लगेच टाकायचं, पुन्हा गरम करून द्यायचं नाही. अन्न टाकताना आपला जीव कासावीस होतो. त्यावर उपाय एकच: थोडंच करा, लागलं तर पुन्हा करा.

खरा पेच रात्रीचा होता. आमच्या सासूबाईंचा रात्रिभोजनाचा त्याग आहे, आणि सूर्यास्तानंतर आमच्या घरी चूल पेटत नाही. लेक संकोचून म्हणाली, "आजी, संध्याकाळीच दोन बाटल्या भरून ठेवते." सासूबाईंनी विचारलं, "किती वेळ टिकतं ते?" दोन तास, हे ऐकल्यावर म्हणाल्या, "मग रात्री दोन वाजता काय देणार पोरीला? नियम माझा आहे, तिचा नाही. गॅस पेटव." त्या रात्रीपासून दर वेळी ताजं पाणी उकळलं, आणि सासूबाईंचा नियमही जसाच्या तसा राहिला.

मला वाटतं, मर्यादा हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. पीठ किती दिवसांचं, पाणी किती तासांचं, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. त्यातच एवढं जोडायचं: पाणी अर्धा तास, दूध दोन तास, उष्टं अजिबात नाही. घरी बाळ असेल तर हे कागदावर लिहून गॅसजवळ चिकटवा. रात्री दोन वाजता उठणारं माणूस दर वेळी एकच नसतं.