ससेहोलपट

शिकार या विषयात आमच्या घराण्याची मजल ढेकणांच्या पुढं गेलेली नाही. आजोबांनी एकदा उंदीर मारल्याची कथा घरात सांगत असत. पण तो उंदीर पिंजऱ्यात होता, आणि आजीच्या मते तो आधीच मेलेला होता. अशा वंशात जन्मलेला माणूस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, शून्याखाली सहा अंशांत, बव्हेरियातल्या बर्फाळ शेतातून हातात काठी घेऊन सशांच्या मागं ‘हाऽ हुर्रऽऽ’ करीत फिरेल, असं भविष्य कुणी सांगितलं असतं तर वडिलांनी त्या ज्योतिषाकडून दक्षिणा परत मागून घेतली असती.

हे सगळं एका शब्दापायी झालं. डॅन्यूब नदीच्या दक्षिणेला श्ट्राउबिंग नावाचं गाव आहे. त्याच्या भोवतीचा मुलूख सपाट आणि सुपीक. गहू, बटाटे आणि साखरेचं बीट. आपल्याकडं उसाचं जे राजकारण, ते तिकडं बीटाचं. इथल्याच एका खेड्यात आम्ही राहतो. मोटारीच्या कारखान्यातली नोकरी संपली, तरी मुलगी आणि नातवंडं इथं म्हणून आम्हीही इथंच. शेजारी एक निवृत्त लॅटिन शिक्षक. वय शहात्तर. मी त्यांना मनातल्या मनात ‘मास्तर’ म्हणतो. जर्मनीत ‘अहो’वरून ‘अरे’वर येणं हा जवळजवळ मुंजीसारखा विधी असतो. आमचा तो सात वर्षांपूर्वी बिअरच्या साक्षीनं झाला. पण मराठीत लिहिताना मास्तरांना ‘अरे’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर एकदा कुंपणापाशी उभे असताना शेतातून एक लांबकान्या प्राणी उड्या मारीत गेला. मास्तरांनी विचारलं, ‘‘तुमच्याकडं याला काय म्हणतात?’’

मी म्हटलं, ‘‘ससा.’’

मास्तर दचकलेच. कारण तिकडच्या शिकारी भाषेत ससा जमिनीत जो उथळ खळगा करून बसतो, त्याला म्हणतात ‘सासे’. पुस्तकी जर्मनमध्ये तो ‘झासे’ होतो, पण बव्हेरियातली माणसं ‘स’चा ‘झ’ करण्याचे कष्ट घेत नाहीत. मास्तर घरात गेले आणि उशीएवढा कोश घेऊन आले. जर्मन ‘हाझे’ आणि संस्कृत ‘शश’ हे दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळातून फुटलेले आहेत, असं त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. खळग्याच्या ‘सासे’चा मात्र या कुळाशी काही संबंध नाही, तो ‘बसणे’च्या घरातला. पण मास्तर तेव्हापासून मला ‘हेर ससा’ म्हणू लागले. आणि एकदा नातेवाईक ठरल्यावर घरच्या कार्याला जाणं आलंच.

या शिकाऱ्यांची भाषा हा एक स्वतंत्र संप्रदाय आहे. सशाला कान नसतात, ‘चमचे’ असतात. डोळे नसतात, ‘पाहणारे’ असतात. शेपटीला ‘फूल’ म्हणायचं. रक्ताला रक्त म्हणायचं नाही, ‘घाम’ म्हणायचं. मी पहिल्याच दिवशी ‘सशाचे कान’ म्हणालो, तेव्हा चार शिकाऱ्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की देवळात मी चपला घालून शिरलो असेन. मीही मग मास्तरांना ‘ससेहोलपट’ हा शब्द दिला. त्याचा अर्थ समजावून सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘शिकाऱ्याच्या भाषेत हा शब्द नाही. हा सशाच्या भाषेतला शब्द आहे.’’ ‘ससेमिरा’ही त्यांना फार आवडला. पण तो विक्रमाच्या जुन्या कथेतल्या चार अक्षरांवरून आलाय, त्यात ससा मुळीच नाही, असं सांगितल्यावर ते हिरमुसले.

आमच्या हिचा या प्रकरणाला विरोध होता. ‘‘पंचतंत्रात ससा सिंहाला विहिरीत घालतो. तुम्ही तर सिंहही नाही,’’ असं म्हणून तिनं माझ्या अंगावर तीन स्वेटर चढवले आणि वर बजावलं, ‘‘मेलेला ससा घेऊन दारात आलात, तर दोघांनाही बाहेर उभं करीन.’’

वास्तविक मला कुणाला मारायचंच नव्हतं. माझी नेमणूक हाका घालणाऱ्यांत होती. बंदूक नाही, परवाना नाही. भगव्या रंगाचं जाकीट आणि एक काठी. एवढ्यावर आपल्याकडं माणूस मठाधिपती होतो. एकच गोष्ट शिकणं भाग होतं, ती म्हणजे शिंग ओळखणं.

त्याचं असं असतं. शिकारी आणि हाकारे एका ठिकाणाहून दोन्ही बाजूंना पांगतात, शेताला मोठा वेढा घालतात आणि दोन टोकं जुळली की सगळे मध्याकडं चालू लागतात. वेढा मोठा असतो तोवर आतल्या सशावर बंदूक चालते. तो लहान होत आला की म्होरक्या शिंग फुंकतो. त्यानंतर बंदूकवाल्यांनी जागीच थांबून पाठ फिरवायची, आत एकही छर्रा सोडायचा नाही, रेषेतून बाहेर निसटणाऱ्या सशावरच काय तो नेम धरायचा. हाकाऱ्यांनी मात्र आत चालत जायचं. म्हणजे हे शिंग ऐकू आलं नाही, किंवा दुसरंच समजलं, तर काय होईल ते तुम्हीच ताडा. माझ्या कानाला यमन आणि भूप यांत आजवर फरक कळलेला नाही. मास्तरांनी आठवडाभर कुंपणावरून माझी तालीम घेतली. अखेर स्वयंपाकघरातून हिचाच आवाज येऊ लागला, ‘‘अहो, तुमचं ‘आत या’ वाजतंय!’’

त्या सकाळी शेतांवर चार बोटं बर्फ होतं. पलीकडं डॅन्यूबपारचे बव्हेरियन जंगलाचे डोंगर निळे दिसत होते. नाकातून निघालेली वाफ मिशीवरच गोठत होती. सशांची पावलं मात्र जागोजाग उमटलेली. मास्तरांनी मला एकदा दाखवलं होतं : ससा उडी मारताना मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढं टाकतो. त्यामुळं ठशावरून तो कुठं गेला ते नवख्याला नेमकं उलटं समजतं. सरकारी फाइलीचंही असंच असतं.

दोन टोकं जुळली आणि हाका सुरू झाला. कुणी काठ्या आपटत होतं, कुणी ‘हो हो’ करीत होतं. माझ्या तोंडून मात्र लहानपणी मामाच्या गावी ज्वारीच्या माळ्यावर बसून पाखरांना घातलेली आरोळी निघाली. साठ वर्षांत ती कुठं दडली होती कोण जाणे! शेजारचा हाकाऱ्या थांबून पाहू लागला. आणि माझ्यापुढं पाच पावलांवर जे बर्फानं माखलेलं ढेकूळ वाटत होतं, त्याला एकदम चमचे फुटले.

ससा असा असतो हे मला ठाऊक नव्हतं. आपल्या डोळ्यांपुढचा ससा पांढरा, गुबगुबीत, गाजर खाणारा. हा लांब पायांचा, तांबूस, रानवट गडी. पिल्लू जन्मतं तेच डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊन, उघड्यावर. बिळाची चैन त्याच्या नशिबी नाही. ड्यूररनं १५०२ साली त्याचं चित्र काढलं तेव्हापासून त्याच्या चेहऱ्यावरचा संशय कमी झालेला नाही. तो सुटला तो ताशी साठ-सत्तरच्या वेगानं. एकदा डावीकडं हिसका, एकदा उजवीकडं हिसका. कुठं तरी बार झाला. ससा तसाच पुढं. मी नकळत ‘शाब्बास!’ म्हणालो. सुदैवानं ते मराठीत होतं.

मग शिंग वाजलं. ‘आत या.’ बंदुका वळल्या. आम्ही आत गेलो. मध्यभागी पोहोचलो तेव्हा तिथं फक्त पावलं होती.

सात ससे पडले. ते उजव्या कुशीवर ओळीनं मांडतात, त्यांच्यापुढं टोपी काढून उभे राहतात आणि सशाच्या मृत्यूची धून शिंगावर वाजवतात. ओळ कुणी ओलांडायची नाही. निजलेल्याला ओलांडू नये, हे माझ्या आईनंही शिकवलं होतं. ती कधी बव्हेरियात आली नव्हती. दर दहावा ससा ओळीतून अर्धा हात पुढं काढायचा, म्हणजे मोजायला सोपं. इथं दहाच नव्हते. मास्तरांनी ओळीकडं पाहिलं, शिंग तोंडाला लावलं आणि शिकार संपल्याची खूण वाजवली. तिचं नाव ‘कोंबडा निवांत’. बंदुकीच्या ज्या भागाला आपण घोडा म्हणतो, त्याला जर्मन लोक कोंबडा म्हणतात.

सकाळचे साडेदहा वाजले होते. तीन वेढे ठरले होते, झाला एक. पाहुणे म्युनिकहून पहाटे निघून आलेले. त्यांच्यात जी कुजबुज झाली ती लग्नात जिलबी संपल्यावर होते तशी.

मला कारण ठाऊक होतं. शरदात आम्ही दोघं रात्री गाडीतून शेताशेतांवर दिव्याचा झोत टाकीत हिंडलो होतो. चमकणारे डोळे मास्तर मोजत आणि मी वहीत रेघा ओढत असे. चार उभ्या, एक आडवी. जिथं पूर्वी पान भरायचं तिथं यंदा अर्ध्यावर वही थांबली. त्याच रात्री मास्तरांनी आकडा ठरवला : आठ. शेतं जोडून मोठी झाली, बांध आणि झुडपं गेली, तणनाशकानं रानगवत गेलं. १९९२ पासून युरोपात काही जमीन सक्तीनं पडीक ठेवावी लागे, त्यात ससे सुखात होते. २००८ साली ती सक्तीही रद्द झाली. २०२० च्या जर्मन यादीत हा ससा धोक्यातल्या प्राण्यांत आहे. हे सगळं मास्तर सांगतात ते लॅटिनची विभक्ती सांगावी तसं, आवाज न चढवता.

जेवणाला गावातल्या खाणावळीत सगळे जमले. भिंतीवर जुना फोटो होता, त्यात सशांच्या ओळी फोटोच्या चौकटीबाहेर गेलेल्या. जेवणानंतर तिथं लुटुपुटीचं न्यायालय भरतं. ‘‘पाहुण्यांना भूक लागण्याआधीच शिकार संपवली,’’ असा आरोप मास्तरांवर ठेवण्यात आला. हसत हसत, पण दातांखाली खडा असलेलं हसू. आणि आरोपीनं वकील म्हणून माझं नाव दिलं.

१८५४-५५ च्या सुमाराला हायडेलबर्गला फोन हाझे, म्हणजे ‘ससे’ आडनावाचा एक कायद्याचा विद्यार्थी होता. मित्राला पळून जायला मदत केल्याबद्दल त्याची चौकशी झाली, तेव्हा त्यानं आपलं आडनाव सांगून ‘बाकी मला काही ठाऊक नाही’ असं उत्तर दिलं. ती जर्मनमधली म्हणच झाली. मी उठलो आणि म्हणालो, ‘‘माझं नाव ससा. मला काही ठाऊक नाही.’’

खाणावळ हसली. मग मी म्हटलं, ‘‘मला एवढंच ठाऊक आहे, की दहावा ससा पुढं काढायचा असेल तर आधी दहा ससे लागतात. आरोपी ते पिकवतो आहे.’’ हे वाक्य माझ्या जर्मनमध्ये तीन व्याकरणदोषांसह गेलं. लॅटिन मास्तरांनी एकही सुधारला नाही. शिक्षा झाली : आरोपीनं सर्वांना एकेक बिअर पाजावी. म्युनिककरांनी ती पहिल्यांदा उचलली.

पाहुणे गेल्यावर खाणावळीत आम्ही तिघं उरलो. तिसरा गावच्या जमीनमालकांच्या मंडळाचा प्रमुख. तिकडं शिकारीचा हक्क जमिनीबरोबर असतो आणि मंडळ तो भाड्यानं देतं. भाडं भरायचं, आणि प्राण्यांची निगाही राखायची. मास्तरांचा करार येत्या ३१ मार्चला संपत होता. नवा करार निदान नऊ वर्षांचा, कायद्यानंच. प्रमुखानं कागद टेबलावर ठेवला आणि छताकडं पाहत बसला.

शहात्तर आणि नऊ. बेरीज तिघांनीही केली, बोललं कुणीच नाही.

मास्तर जरा वेळानं म्हणाले, ‘‘बांधावर काटेरी झुडपं लावलीत, त्यांना सशाच्या कामाचं व्हायला अजून चार-पाच वर्षं लागतील.’’ मग माझ्याकडं वळून, ‘‘मी पंच्याऐंशीचा असताना तू हाका घालायला येशील?’’

मी म्हटलं, ‘‘मी तेव्हा सत्याहत्तरचा. येईन. पण ‘आत या’ जरा सावकाश वाजवा.’’

त्यांनी खिसे चाचपले. शिंग, सुरी, दोरी, काडतुसं, सगळं निघालं, पण पेन नव्हतं. मी माझं दिलं. ते अजून त्यांच्याकडंच आहे.