झारीतले शुक्राचार्य

इंदूरच्या राजेंद्र नगरातली मराठी ऐकायला कान थोडे तयार करावे लागतात. सकाळी दूध आणायला निघालेल्या दोन आजोबांचं बोलणं कानावर पडतं, "काय करून राहिला आहे तुमचा मुलगा?" "पुण्यात जॉब करून राहिला आहे." शब्द मराठीच, पण चाल माळव्याची. होळकरांबरोबर आलेली माणसं अडीचशे-पावणेतीनशे वर्षं इथं राहिली, तेव्हा भाषेला पोह्यावरच्या शेवेसारखी थोडी हिंदी लागणारच. आम्हा गोंयकारांना यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या मराठीला कोकणीचा नारळ लागतो आणि तो आम्हाला जाणवतही नाही.

माझी आत्या या राजेंद्र नगरात पंचावन्न वर्षं राहते आहे. लग्न होऊन फोंड्याहून इथं आली. लता मंगेशकर १९२९ साली इंदुरात जन्मल्या हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि पुढे जोडते, "पण घराणं आमच्या मंगेशीचं हो!" आता तर राजेंद्र नगरात लताबाईंच्या नावाचं सभागृहही आहे, त्यामुळे तिचं बळ वाढलं आहे. यंदा तिनं धोशा लावला होता की कवळ्याच्या शांतादुर्गेची माघातली जत्रा एकदा डोळ्यांनी पाहायची. वय ऐंशीच्या घरात. विमान नको, कान दुखतात. रेल्वे नको, चढा-उतरायचं जमत नाही. मग आम्हीच जानेवारीत फोंड्याहून गाडी घेऊन निघालो, येताना तिला घेऊन यायचं म्हणून.

गाडी अकरा वर्षांची, पेट्रोलवरची, शांत स्वभावाची. इंजिन ऑइल गेल्या मे महिन्यात बदललेलं. त्यानंतर दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, ऑइलची दांडी काढून पुसून मी पाहत आलो आहे. आठ महिन्यांत चारेक हजार किलोमीटर झाले असतील, पण पातळी वरच्या खुणेवरून हलली नव्हती. निघाल्या दिवशीही तिथेच होती. पुण्याला मुक्काम केला, सकाळी दांडी काढली तर पातळी दोन खुणांच्या बरोबर मध्ये! दोन खुणांच्या आत आहे तोवर इंजिनाला धोका नसतो, तरी लिटरभराचा डबा विकत घेऊन डिकीत टाकला. धुळे, सेंधवा, खलघाटला नर्मदा असं करत संध्याकाळी मानपूरच्या घाटाला लागलो आणि चढावरच्या एका वळणावर तो लाल दिवा लुकलुकला. झारीच्या चित्राचा.

या दिव्याबद्दल एक सांगून ठेवतो. पुष्कळांची समजूत अशी असते की ऑइल कमी झालं की तो लागतो, पेट्रोलच्या काट्यासारखा. तसं नाही. बहुतेक गाड्यांत तो दाब दाखवतो, पातळी नव्हे. तळाच्या टाकीतलं, म्हणजे संपमधलं ऑइल पंप ओढून घेतो आणि बेअरिंगांपर्यंत दाबानं पोचवतो. ऑइल फार उतरलं की चढावर, वळणावर ते एका कुशीला सरकतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि दाब पडतो. म्हणून सपाट रस्त्यावर काही न बोलणारा दिवा घाटात बोलतो. आणि तो लागला की "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणायची सोय नाही. इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. धातूवर धातू घासायला मिनिटंही पुरतात.

तसं केलं. दहा मिनिटं थांबून दांडी काढली, तर टोकाला फक्त ओलसरपणा. डबा पूर्ण ओतला, दिवा विझला आणि हळूहळू महू, राऊ करत राजेंद्र नगरात पोचलो. फोंडा ते इंदूर अकराशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात सव्वा लिटर ऑइल नाहीसं झालं होतं. छोट्या इंजिनात मुळात साडेतीन लिटर असतं! खाली एक थेंब नाही, मागे धूर नाही. गेलं कुठं?

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथल्या तरुणानं बॉनेट उघडलं, दांडी पाहिली, किलोमीटरचा आकडा पाहिला आणि निकाल दिला: पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल, पंचेचाळीस हजार आणि दहा दिवस. दहा दिवसांत जत्रा होऊन गेली असती. मला पैशांपेक्षा खटकलं ते असं, की त्यानं एकही गोष्ट मोजली नव्हती. वैद्यानं नाडीही न धरता शस्त्रक्रिया सांगावी तसं झालं. आत्या घरी काही बोलली नाही. बांधून ठेवलेली बॅग मात्र तिनं पलंगाखाली सरकवली.

शेजाऱ्यांनी एका काकांचं नाव सुचवलं. पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनांची चाचणी घेण्यात यांची नोकरी गेली, आता घराच्या मागे शेड टाकून चार गाड्या बघतात. पीथमपूर इथून पंचवीसेक किलोमीटर. देशातल्या वाहन उद्योगाच्या मोठ्या ठाण्यांपैकी एक. वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेला ११.३ किलोमीटरचा गोल वेगमार्ग २०२१ साली तिथंच सुरू झाला. काकांनी आधी गाडीकडे पाहिलंच नाही. मला खुर्ची दिली आणि विचारलं, "गोव्यात गाडी कुठे कुठे चालवून राहिले होते तुम्ही?"

मी सांगितलं. बाजार दोन किलोमीटर, मुलाची शाळा तीन, पावसाळ्यात देवळापर्यंत. कधीमधी पणजी.

"मग पातळी हलणार कशी?" काका म्हणाले. "ऑइल कमी होऊन राहिलं होतं, आणि वरून भर पडून राहिली होती."

हे मला नवीन होतं, म्हणून जरा विस्तारानं लिहितो. गार इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. जळण्यातून वाफही होते, तिचंही पाणी होऊन तिथंच मिसळतं. गाडी अर्धा-पाऊण तास दौडली तर ऑइल नीट तापतं आणि हे पाहुणे उडून जातात. दोन किलोमीटरवर बाजार असला की तापायच्या आतच इंजिन बंद. त्यात आमचा चार महिन्यांचा पाऊस. म्हणजे इकडे थोडं ऑइल जात होतं, तिकडे पेट्रोल-पाण्याची भर पडत होती आणि दांडी दर रविवारी मला तीच खूण दाखवत होती. मग एका दिवसात हमरस्त्यावर चारशे किलोमीटर धावल्यावर पाहुणे उठून गेले आणि खरी पातळी उघडी पडली. आमच्याकडे दूधवाल्याच्या म्हशीबद्दल जे बोलतात ते इंजिनालाही लागू पडतं म्हणायचं!

पण यानं सव्वा लिटरातला थोडाच हिशोब लागतो. उरलेल्यासाठी काकांनी तपासणी सुरू केली आणि मी शेडमध्ये दीड दिवस बसून राहिलो. गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, ते सकाळी कोरडं. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नाही, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतून ताकाच्या फेसासारखा पांढुरका साका. हा त्या पाण्याचा पुरावा. मग चारही प्लग काढून त्या जागी दाबमापक लावून कॉम्प्रेशन पाहिलं. चारही आकडे जवळपास सारखे. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिलं. रिंगा झिजलेल्या असल्या तर ऑइल फटी बुजवतं आणि आकडा एकदम चढतो. इथं जेमतेम हलला. "रिंगा ठीक आहेत," काका म्हणाले. पंचेचाळीस हजार वाचले ते या वाक्यात.

नंतर त्यांनी एक गमतीची गोष्ट केली. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि भोकावर एक जुनं पोस्टकार्ड ठेवलं. निरोगी इंजिन कार्ड हलकेच आत ओढून धरतं. आमच्या इंजिनानं ते उडवून लावलं! पाठोपाठ त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला. कागदी फिल्टरची एक कड ऑइलनं चिंब भिजलेली. ऑइल कुठं गेलं होतं ते सापडलं.

सिलिंडरमधला थोडा वायू रिंगांच्या बाजूनं खाली निसटतोच, कितीही नवं इंजिन असो. तो कोंडू नये म्हणून एका छोट्या झडपेतून त्याला परत सेवनमार्गात नेऊन जाळतात. तिला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. आकारानं अंगठ्याएवढी. काढून कानाशी हलवली तर आतला खिळा खुळखुळला पाहिजे. आमची गप्प. आठ महिन्यांच्या त्या पांढुरक्या साक्यानं तिचा गळा धरला होता. गावात हळू चालताना वायू कमी, ते खपून गेलं. हमरस्त्यावर तासन्‌तास वायूचा मारा झाला, वाट बंद, म्हणून तो दुसऱ्या नळीनं उलटा एअर फिल्टरकडे निघाला आणि जाताना ऑइलचा फवारा बरोबर घेऊन गेला. तिथून ते सिलिंडरमध्ये जाऊन जळत होतं.

मग धूर का दिसला नाही? मी संध्याकाळी हिशोब मांडला. हजार किलोमीटरला सोळा-सतरा तास धरा, मिनिटाला अडीच हजार फेरे. चार सिलिंडर मिळून पन्नास लाख वेळा हवा आत घेतात. लिटरभर ऑइल त्यांत वाटलं तर एका घोटाला एका थेंबाचा अडीचशेवा भाग येतो. एवढ्याचा धूर डोळ्यांना कसला दिसणार, आणि जो होतो त्यातला बराच सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गिळतो. (गिळून गिळून तोही एक दिवस आजारी पडतो, हे वेगळं.) आपण लोक निळा धूर पाहत लहानाचे मोठे झालो. टू-स्ट्रोक स्कूटरच्या टाकीत पेट्रोलबरोबर मोजून ऑइल टाकायचं आणि ते जळायचंच असायचं. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांच्या विमानांत तर चक्क एरंडेल घालत आणि ते जळक्या वायूंबरोबर बाहेर पडे. वैमानिकांच्या पोटात ते धुरावाटे जाई आणि त्याचा व्हायचा तो परिणाम होई म्हणतात! कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं. आपल्याकडे बैलगाडीच्या आखाला एरंडेलाचं काळं वंगण लावत, तेव्हा तेलाच्या या गुणाचं आपल्याला नवल नव्हतं.

असो. जेवताना मी ही झडपेची हकीकत आत्याला सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे झारीतले शुक्राचार्यच की रे!" दुसऱ्या दिवशी मी काकांना सांगितलं तर ते एवढे खूश झाले की हातातला पाना खाली ठेवून हसले. बळीनं दानाचं पाणी सोडू नये म्हणून शुक्राचार्य तोटीत बसले आणि वामनानं दर्भाच्या काडीनं त्यांचा डोळा फोडला. काकांनी दर्भाचा उपचार केला नाही, झडप नवी घातली. तीनशे रुपयांच्या आतली वस्तू. शिवाय नळ्या धुऊन घेतल्या, फिल्टर बदलला, ऑइलही बदललं.

मला तेवढ्यावर समाधान होतं, काकांना नव्हतं. "आजींना घेऊन जाऊन राहिले आहात, आधी घाट दाखवून आणू," म्हणाले. म्हणून आम्ही महेश्वरला जाऊन आलो. अहिल्याबाईंचा घाट आत्यानंही बऱ्याच वर्षांनी पाहिला. काका त्यांच्या भाच्याच्या गाडीतून आमच्या मागे. मानपूरचा उतार गिअरवर उतरून खाली पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला, त्या क्षणी निळ्या धुराची एक झुळूक त्यांना दिसली. उतारावर पाय काढलेला असतो तेव्हा सेवनमार्गात जोराची ओढ तयार होते आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सील कडक झालेली असली तर तिथून ऑइल आत ओढलं जातं. पाय दिला की ते जळतं. म्हणजे दुसरा, लहान चोर हा होता. "याची घाई नाही, हे सवडीनं करा. पण दर तीनशे किलोमीटरला दांडी बघा आणि कागदावर लिहा." मजुरी त्यांनी जी सांगितली तिच्यावर मी पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "टेस्टिंगवाला माणूस आहे, जे खराब नाही ते बदलून पैसे कसे घेऊ?"

आत्यानं बॅग पलंगाखालून काढली. बिजासनच्या घाटात तिनं देवीला हात जोडले आणि मी दिव्याकडे पाहिलं. तो गप्प होता. कागद अजून गाडीच्या खणात आहे: धुळे, फरक नाही. पुणे, केसभर खाली. कोल्हापूर, तेवढंच. फोंड्याला पोचल्यावर वरच्या खुणेपर्यंत भरायला दोनशे मिली लागलं. सील शिमग्यानंतर बदलायचं ठरलं आहे. तोवर दर पंधरवड्याला गाडी सावर्ड्यापर्यंत तापवून आणतो. आत्याला बरोबर यायचंच असतं. जत्रा झाली, पंचमी होऊन गेली, पण ती अजून इथेच आहे. इंदूरला परत कधी, असं विचारलं की सील बसल्याशिवाय नाही म्हणते.